दात भरल्यानंतरचा त्रास आणि ॲलर्जीचा घोळ: या चुका टाळा

दाढ भरून घेतली, बधिरपणा उतरला आणि दुसऱ्या दिवशी गार पाण्याचा घोट घेताच कळ गेली, की बहुतेकांचा निष्कर्ष तयार असतो: ‘मला ते सिमेंट सोसलं नाही.’ दातात भरलेल्या पदार्थाची खरी ॲलर्जी फार थोड्या लोकांना होते आणि झाली तरी ती सहसा दात दुखवत नाही. ती गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला नाहीतर हिरडीवर दिसते, तीही उशिरा. आणि जिथे ती खरोखर दिसते, तिथे लोक ‘चावताना गाल दाताखाली आला असेल’ म्हणत महिनोन्‌महिने काढतात. घोळ असा दोन्हीकडून होतो.

दात दुखतोय म्हणून ॲलर्जीची गोळी घेणे

ही सर्रास होणारी चूक. कीड काढताना मशिनचा कंप आणि उष्णता आतल्या नसेपर्यंत पोहोचते. कीड जितकी खोल, तितकी नस जास्त चिडते. त्यामुळे गार लागलं की सणक येणं आणि दोन-चार सेकंदांत ती विरून जाणं हे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही चालतं. ते दिवसागणिक कमी होत असेल तर काळजीचं कारण नाही.

चावताना दुखत असेल तर आधी संशय घ्यावा तो भरणी उंच राहिल्याचा. शेवटी डॉक्टर रंगीत कागदाची पट्टी दातांमध्ये धरून ‘चावा, आता घासा’ म्हणतात. निळा-लाल ठिपका जिथे गडद उमटतो तिथे भरणी उंच असते. पण तेव्हा अर्धा जबडा बधिर असतो, माणूस आडवा झोपलेला असतो आणि चावा नेहमीसारखा बसत नाही. घरी येऊन बधिरपणा उतरला की पहिल्याच घासाला ‘तो एकच दात आधी लागतोय’ हे कळतं. इथे लोक म्हणतात, झिजेल आपोआप. त्या भरवशावर राहू नका. तोवर प्रत्येक घासाचा मार त्या एकाच दाताच्या मुळाशी बसतो आणि धड दातही हात लावू देईनासा होतो. परत जाऊन उंचवटा घासून घेणं काही मिनिटांचं काम आहे, त्याला सुईही लागत नाही.

थांबू नये अशी लक्षणं वेगळी आहेत. गरम पदार्थाने दुखणं, ठणका मिनिटंच्या मिनिटं न थांबणं, रात्री काही न खातापिता दाढ जागी करणं, याचा अर्थ बहुधा नस वाचण्यापलीकडे गेली आहे आणि गोष्ट रूट कॅनलपर्यंत जाणार. चावताना नव्हे, तर चावलेलं सोडताना चमक येत असेल तर दाताला तडा गेलेला असू शकतो. ॲलर्जीच्या गोळीचा यातल्या कशावरच उपयोग नाही. ती गुंगी आणते आणि तेवढ्यात दोन दिवस वाया जातात.

धातूच्या भरणीवर चॉकलेटचा चंदेरी कागद चुकून चावला गेला तर झटका बसतो, तीही ॲलर्जी नव्हे. दोन वेगळे धातू आणि मध्ये लाळ, म्हणजे तोंडातच छोटी बॅटरी तयार होते. वरखाली टेकणाऱ्या जोडीच्या दाताला सोन्याची टोपी असेल तर नव्या चांदीच्या भरणीवरही असं होतं. बहुतेकदा काही दिवसांत हा प्रकार थांबतो.

सुजलेल्या ओठाचं खापर भरणीवर फोडणे

लहान मुलांच्या बाबतीत हे फार होतं. खालच्या जबड्याची सुई दिली की ओठ काही तास बधिर राहतो. मूल गंमत म्हणून तो चावत बसतं. संध्याकाळी ओठ टम्म फुगतो, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट पापुद्रा येतो आणि घरात घबराट. नीट पाहा: सूज एकाच बाजूला, सुई दिली त्याच बाजूला असते, अंगावर गांधी नसतात. बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत खायला न देणं आणि मुलावर लक्ष ठेवणं, एवढाच उपाय.

हिरडीवरचा पांढरा चट्टाही असाच फसवतो. दुखतंय म्हणून ॲस्पिरिनची गोळी दाताशेजारी दाबून ठेवली किंवा लवंगतेलाचा बोळा रात्रभर ठेवला, तर तिथली कातडी भाजते. दोष मात्र सिमेंटला मिळतो.

‘मला सुईची ॲलर्जी आहे’ एवढंच सांगणे

सुईनंतर छाती धडधडली, हात थरथरले, की माणूस आयुष्यभर हे वाक्य सांगत फिरतो. बधिर करण्याच्या औषधात बऱ्याचदा ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, धडधड त्याची असते, नाहीतर भीतीची. लिडोकेनसारख्या औषधांची खरी ॲलर्जी दुर्मिळ आहे. काहींना ॲड्रेनॅलिन टिकवण्यासाठी घातलेलं सल्फाइट सोसत नाही, काहींना डॉक्टरांच्या हातमोज्यातलं लॅटेक्स. म्हणून नेमकं काय झालं, सुईनंतर किती मिनिटांनी झालं आणि कोणतं औषध होतं, हे सांगा. शंका राहिली तर ॲलर्जीतज्ज्ञांकडून तपासून घ्या. नाहीतर पुढचा डॉक्टर सुई द्यायलाच कचरतो.

खऱ्या ॲलर्जीकडे काणाडोळा करणे

गालाच्या आत, जुन्या चांदीच्या भरणीला जिथे गाल टेकतो नेमका तिथे, पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. कधी भोवती लालसर, कधी मध्ये सोललेलं, तिखट लागताच आग. दुसऱ्या गालावर काही नाही. ही खूण महत्त्वाची, कारण लायकेन प्लॅनस या दिसायला सारख्याच आजारात जाळी बहुधा दोन्ही गालांवर असते. भरणी बसवून वर्षं उलटलेली असतात, म्हणून तिच्यावर कुणाचा संशयच जात नाही.

ही ॲलर्जी उशिरा उमटणाऱ्या प्रकारची असते. तिची तपासणी पॅच टेस्टने होते: पाठीवर पट्ट्या चिकटवून साधारण ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहतात. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच भरणी उपटू नये. चट्टा भरणीला टेकूनच आहे का, हे तितकंच महत्त्वाचं. दोन्ही जुळलं तर भरणी बदलल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत फरक पडतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा कोणताही व्रण किंवा चट्टा मात्र डॉक्टरांना दाखवाच, गरज पडली तर ते तुकडा तपासणीला पाठवतील.

पांढरी भरणी म्हणजे निर्धोक, हाही समज सोडा. तिच्या रेझिनमध्ये आणि ती चिकटवणाऱ्या द्रावणात मेथाक्रिलेट जातीची रसायनं असतात. तीच जेल नेलपॉलिश आणि कृत्रिम नखांतही सापडतात. नखांभोवती खाज-पुरळ येत असेल तर दात भरण्याआधी सांगा. लवंगतेलातल्या युजेनॉलची ॲलर्जी असेल तर तात्पुरत्या सिमेंटबद्दल विचारा, कारण त्यातही बऱ्याचदा ते असतं.

भीतीपोटी सगळी चांदी काढून टाकणे

चांदीच्या भरणीत साधारण निम्मा पारा असतो. पण भरणी बसवताना आणि उकरताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये गरोदर व स्तनदा स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांना शक्यतो ही भरणी नको, असं सांगितलं. त्याच वेळी, सुस्थितीतली जुनी भरणी वैद्यकीय गरजेशिवाय काढू नका, असंही बजावलं. पहिला भाग सगळीकडे फिरला, दुसरा कुणी वाचलाच नाही. काढणं गरजेचंच असेल तर रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा), भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन लावूनच काढून घ्या. लॅटेक्स सोसत नसेल तर डॅमही बिनलॅटेक्सचा मागा.

घरी वाट पाहत बसणे

सुई किंवा भरणीनंतर काही मिनिटांत ते तासाभरात अंगभर गांधी, जीभ-घसा सुजणं, धाप, चक्कर असं काही झालं तर गोळी शोधत बसू नका. यावरचं औषध म्हणजे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. दवाखान्यातच असाल तर लगेच सांगा, बाहेर असाल तर रुग्णवाहिका बोलवा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, श्वास लागत असेल तर बसू द्या. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबावं लागतं, कारण लक्षणं परत उलटू शकतात.

जबड्याखाली कडक सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळता न येणं हे मात्र जंतुसंसर्ग पसरल्याचं लक्षण. तिथेही सकाळ होण्याची वाट पाहू नये.