जुन्या सी कोडची युनिट टेस्ट लिहायला बसायच्या आधी काय काय करून ठेवायचं

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात नाहीतर मिहानमध्ये फर्मवेअरच्या कामाला नव्यानं लागलेले पोट्टे हमखास विचारतात, दादा, स्टब लिहिला की लिंकर 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून अडून बसते, काहून? स्टब म्हणजे टेस्टपुरतं खऱ्या फंक्शनच्या जागी लिहिलेलं नकली फंक्शन, लिंकर म्हणजे कंपाइल झालेल्या फाइल्स जोडून एक प्रोग्राम बनवणारं टूल, आणि तो एरर म्हणजे एकच नाव त्याला दोनदा सापडलं. त्यांच्यासाठी हे लिहितोय. टेस्टची पहिली ओळ टाइप करायच्या आधी एवढं आटपून घ्या.

आधी कारण पक्कं समजून घ्या. सी मध्ये नेमस्पेस नाही, स्टॅटिक (म्हणजे आपल्या फाइलीपुरतंच) नसलेलं फंक्शन अख्ख्या प्रोग्रामला त्याच एका नावानं दिसते, त्यामुळे खरं सेन्सर_रीड आणि तुमच्या स्टबमधलं सेन्सर_रीड एकाच बायनरीत सुखानं नांदत नाही.

मग कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइल्सवर एनएम, म्हणजे त्यांतल्या नावांची यादी दाखवणारी कमांड, चालवा. मोठा टी दिसला तर फंक्शन त्याच फाइलीत आहे आणि बाहेरूनही दिसते, छोटा टी म्हणजे स्टॅटिक, यू म्हणजे वापर इथे आहे पण फंक्शन दुसरीकडून यायचं आहे. ज्या फाइलची टेस्ट करायची तिच्यासमोरचे यू कागदावर उतरवा, त्यातले मेमसीपीवाय वगैरे लायब्ररीचे खोडा, उरले ते तुमचे स्टब. पाच मिनिटांचं काम आहे पण बहुतेक जण इथेच घाई करतात आणि मग दिवसभर मेकफाइल (काय कसं कंपाइल आणि लिंक करायचं ते सांगणारी फाइल) उपसत बसतात.

प्रत्येक सोर्स फाइलसाठी वेगळं टेस्ट एक्झिक्युटेबल करा, याबद्दल मी ठाम आहे. युनिटी ही सी ची टेस्ट फ्रेमवर्क वापरत असाल तर सेटअप आणि टिअरडाउन (टेस्टच्या आधी आणि नंतर चालणारी फंक्शन्स) प्रत्येक टेस्ट फाइलीत असतात, सगळं एकत्र लिंक केलं की तीच नावं भिडतात. सीडलिंग, म्हणजे युनिटीसोबत वापरतात ते बिल्ड टूल, हे वेगळं ठेवायचं काम आपणहून करते. अॅप्लिकेशनचं मेन फंक्शन आडवं येत असेल तर ते असलेली एकच फाइल कंपाइल करताना डॅश डी (कंपायलरचा मॅक्रो द्यायचा पर्याय) देऊन मेनचं नाव बदलून घ्या, सोर्सला हात लावू नका.

आता खरी मेख लायब्ररीत आहे, इथे वेळ द्या. समजा ड्रायव्हरच्या स्टॅटिक लायब्ररीत, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्सच्या गठ्ठ्यात, सेन्सर.ओ आहे, त्यात सेन्सर_इनिट आणि सेन्सर_रीड दोन्ही आहेत. लिंकर लायब्ररीतली ऑब्जेक्ट फाइल गरज पडली तरच उचलते, म्हणून दोन्हींचे स्टब लायब्ररीच्या आधी दिले तर ती फाइल आतच येत नाही आणि सगळं गुपचूप जुळते. पण तुम्ही फक्त रीडचा स्टब लिहिला, तर इनिटसाठी सेन्सर.ओ पूर्णच्या पूर्ण आत येते, सोबत खरं रीड घेऊन, आणि तिथेच एरर. अशा वेळी दोन्हींचे स्टब लिहा नाहीतर लिंकरचा रॅप पर्याय घ्या: डबल डॅश रॅप इज इक्वल टू सेन्सर_रीड दिलं की बाहेरून येणारे कॉल __रॅप_सेन्सर_रीड कडे वळतात आणि खरं फंक्शन __रिअल_सेन्सर_रीड या नावानं हाताशी राहते. फक्त एक लक्षात ठेवा, त्याच फाइलीतून त्याच फाइलीत केलेला कॉल रॅप होत नाही, एररही येत नाही, गुमान खरं फंक्शन चालून जाते. शिवाय ही सोय जीएनयू लिंकरची, मॅकच्या स्वतःच्या लिंकरमध्ये ती नाही.

त्याच फाइलीतला कॉल अडवायचाच असेल तर ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल करा, ऑब्जेक्ट फाइलची कॉपी काढा आणि ऑब्जकॉपी या कमांडनं तेवढं नाव वीक (म्हणजे दुसरं डेफिनिशन मिळालं की मागे सरणारं) करून घ्या. स्टॅटिक फंक्शन तपासायला पूर्ण .सी फाइल टेस्टमध्ये इन्क्लूड करता येते, पण मग तीच फाइल मेकफाइलच्या यादीतून काढा, नाहीतर तेच फंक्शन दोनदा येणारच.

फंक्शनऐवजी ग्लोबल व्हेरिएबलवर एरर असेल तर हेडर पाहा. जीसीसी कंपायलरच्या 10 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, नो-कॉमन (एकाच नावाचे व्हेरिएबल एकत्र न करणं) हेच डिफॉल्ट आहे, त्याआधी हेडरमध्ये एक्स्टर्न न लावता टाकलेले व्हेरिएबल चुपचाप एकत्र व्हायचे. एक्स्टर्न लावा आणि डेफिनिशन एकाच .सी फाइलीत ठेवा.

आणि काही केल्या लिंकरचा अलाउ-मल्टिपल-डेफिनिशन हा पर्याय देऊ नका. त्यात जे डेफिनिशन आधी सापडते ते घेतल्या जाते, मेकफाइलीत कोणी दोन फाइल्सची जागा बदलली की स्टबऐवजी खरा ड्रायव्हर चालतो आणि टेस्ट तरी हिरवीच दिसू शकते. म्हणून प्रत्येक स्टबमध्ये कॉल मोजणारा एक काउंटर ठेवा आणि टेस्टच्या शेवटी तो असर्ट करा, शून्य आला तर रिझल्टवर विश्वास न ठेवता आधी लिंकरची मॅप फाइल काढून कोणतं सेन्सर_रीड कुठून आलं ते पाहा.