नवीन गावात खायचं कुठे: विचारायचं कसं, आणि दुसऱ्याला सांगायचं कसं

"कोल्हापूरला चाललोय, चांगलं हॉटेल सुचवा." असा मेसेज टाकला की अर्ध्या तासात ढीगभर नावं येतात, आणि तरी माणूस शेवटी हायवेवरच्या कुठल्यातरी मोठ्या बोर्डाखाली पनीर खाऊन परत येतो. कारण त्या नावांमधलं सकाळचं कुठलं, रात्रीचं कुठलं, तिथे नक्की मागवायचं काय, काही कळतच नाही. सांगणाऱ्यांनी मनापासूनच सांगितलेलं असतं, पण प्रश्नच एवढा मोघम असतो की उत्तर धड येणार कसं? मी कामासाठी फिरते आणि त्याहून जास्त खाण्यासाठी फिरते, आणि माझं ठाम मत झालंय की नुसतं "चांगलं हॉटेल" असं काही नसतं. चांगला पदार्थ असतो, आणि तो ठराविक जागी ठराविक वेळेला चांगला मिळतो. पदार्थ, जागा, वेळ. विचारताना पण हे तीन धरून ठेवायचे आणि सांगताना पण.

आधी विचारण्याचं बघू.

विचारायच्या आधी पाच मिनिटं एवढंच शोधा की त्या गावात लोक खातात काय. मिसळ सगळीकडे मिळते म्हणून सगळीकडे एकच नसते. कोल्हापुरात कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) वेगळा येतो आणि बरोबर बऱ्याच ठिकाणी पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, नाशकात काळ्या मसाल्याची, सोबत पापड आणि दही, पुण्यात जुन्या ठिकाणी पोहे घातलेली आणि जरा गोडसर. ठाण्याच्या मामलेदार मिसळीला गेलात तर तिखट किती हवं ते आधी सांगावं लागतं, आणि सवय नसेल तर खरंच मध्यम सांगा. हे माहीत असलं की तुमचा प्रश्न आपोआप बारीक होतो, "नाशिकला कुठे खाऊ" च्या जागी "नाशकात चुलीवरची मिसळ हवीय, रविवारी सकाळी, गर्दी कमी कुठे असेल" असं विचारता येतं आणि मग ज्याला खरंच माहितीय तोच बोलतो.

मग स्वतःची अडचण सांगा, लाजू नका. मला आवडलेला एक प्रश्न असा होता: "शुक्रवारी रात्री आठला कोल्हापुरात पोचतोय, चौघं आहोत, सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांना जिने चढवत नाहीत, बाकी तिघांना मटण आणि तांबडा-पांढरा हवाय, शनिवारी सकाळी मिसळ खाऊन दहाला निघायचंय, मुक्काम अंबाबाईच्या देवळाजवळ." बघा, यात वेळ आली, माणसं आली, अडचण आली, जागा आली. याला दोनच उत्तरं आली तरी पुरे, कारण ती कामाची असणार. बजेट पण सांगा, माणशी दोनशे की पाचशे यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एकटी बाई रात्री जेवायला जाणार असेल तर तेही सरळ लिहा, मी लिहिते. कारण काही ठिकाणी मटण उत्तम असतं पण रात्री नऊनंतर तिथे पिणाऱ्यांचीच गर्दी असते, आणि हे गावातल्या माणसाला माहीत असतं पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

आता गावात पोचल्यावर कुणाला विचारायचं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते.

आपली माणसं पाहुण्याला कधीच स्वतः खातात ते सांगत नाहीत. कद्रूपणा नसतो हो तो, उलट पाहुणा आलाय म्हणजे त्याला चांगल्या ठिकाणी पाठवलं पाहिजे असं त्यांना मनापासून वाटतं, आणि चांगलं ठिकाण म्हणजे एसी, सोफे, पनीर बटर मसाला आणि शेवटी वाटीत लिंबाचं गरम पाणी. म्हणून रिक्षावाल्याला "चांगलं हॉटेल कुठलं" विचारलंत की तो तिकडेच नेणार. त्याला विचारायचं, "दादा, तुम्ही दुपारी कुठे जेवता?" यावर पहिलं उत्तर जवळपास ठरलेलं असतं, "ताई ते साधं आहे, तुम्हाला नाही चालणार." इथे सोडायचं नाही. "साधंच हवंय दादा, बाकडं असलं तरी चालेल" असं म्हटलं की चेहरा बदलतो आणि मग तो खरं सांगायला लागतो, कुठे रस्सा पुन्हा मागितला तर कुरकुर न करता वाढतात, कुठे भाकरी समोर थापून देतात, कुठे आता मालक बदललाय.

दुसरा माझा आवडता माणूस म्हणजे एमआर. औषध कंपन्यांचे हे लोक तालुक्या-तालुक्यात फिरतात, भत्ता बेताचा असतो, पोट बिघडून चालत नाही, त्यामुळे स्वस्त, स्वच्छ आणि घरगुती चवीचं कुठे मिळतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. ओळखीत कुणी असेल तर निघायच्या आधी एक फोन कराच. बदलीवर आलेले बँकवाले पण असेच, दोन-तीन वर्षं खानावळीत काढलेली असतात.

कोकणात आणि गोव्यात मासळी बाजारात विचारा. मालवणला किनाऱ्यावर लिलाव होतो तिथे किंवा कुठल्याही मच्छी मार्केटात जाऊन मावशींना दोन प्रश्न विचारायचे: आज ताजं काय आलंय, आणि तुमच्याकडून मासे कुठल्या खानावळीत जातात. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की तुमचं दुपारचं जेवण ठरलं. उगाच सुरमई-पापलेट धरून बसू नका, बांगडा ताजा असेल तर बांगडाच खा, तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर सोडू नका.

ट्रक उभे आहेत म्हणजे जेवण चांगलं, हे मी मानत नाही. ट्रकला पार्किंग लागतं, ड्रायव्हरला अंघोळीला पाणी आणि झोपायला खाट लागते, जेवण त्यानंतर. असू शकतं चांगलं, पण नुसते ट्रक बघून गाडी वळवू नका. लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात त्या ठिकाणांचंही तेच, तिथे थांबा ठरलेला असतो, गिऱ्हाईक आपोआप येतं, मग चवीची काळजी कोण करणार.

वेळ आणि वार. चांगल्या नावाच्या ठिकाणी जाऊनही उपाशी परत येणारे लोक बहुतेक यातच अडकतात. मुंबईत बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया 1923 सालचं, बेरी पुलावासाठी सगळे पाठवतात, पण ते दुपारच्या जेवणापुरतं असतं, संध्याकाळी गेलात तर कुलूप. पुण्यातली कयानी बेकरी दुपारी बंद असते आणि रविवारी बंदच. नागपुरात तर्री पोहे सकाळचं खाणं आहे, उशिरा उठून बाराला निघालात तर पातेलं रिकामं. गोव्यात फिश थाळी दीड-दोनपर्यंत गाठा, तीनला गेलात तर उरलंसुरलं मिळणार, आणि भाजी-पाव सकाळीच खा. मटणवाल्या बऱ्याच घरगुती खानावळी सोमवारी किंवा गुरुवारी बंद असतात, श्रावणात तर काही जण महिनाभर शटर उघडत नाहीत. आणि पावसाळ्यात कोकणात मासे खायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, साधारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात येणारा मोठा मासा बहुतेक बर्फातला असतो. तेव्हा "खाडीतलं काय आहे" हे विचारायचं, आणि जे असेल ते खायचं.

हंगाम पण विचारा. जळगावकडे भरीत खायचं तर थंडीत जा, हिरवी लांबट वांगी तेव्हाच येतात, कपाशीच्या काड्यांवर भाजतात, आणि तो धुराचा वास गॅसवर येत नाही म्हणजे नाहीच. मे महिन्यात तिकडे जाऊन "भरीत काही खास नव्हतं" असं कुणी लिहिलं की मला फार वाईट वाटतं.

नावांचा घोळ ही आणखी एक गोष्ट. एका नावाची चार दुकानं एका रस्त्यावर असतात, एकावर "आद्य", एकावर "ओरिजिनल", एकावर "आमची कुठेही शाखा नाही". भावाभावांत वाटण्या झालेल्या असतात आणि कधीकधी दोन्हीकडे चव चांगली असते. म्हणून नुसतं नाव घेऊन जाऊ नका, खूण घेऊन जा, कुठल्या चौकात, कशाच्या समोर, तळमजल्यावर का माडीवर. नागपूरच्या सावजीचं तर विचारूच नका, कुणीतरी सांगतं "सावजीत जा", आता सावजी हे काही एका हॉटेलचं नाव नाही, ती हलबा कोष्टी समाजाची जेवणाची पद्धत आहे आणि गावभर सावजी भोजनालयं आहेत. कुठल्या भागातलं, तिथे मटण खायचं का खूर, हे सांगितलं नाही तर त्या सांगण्याचा उपयोग शून्य.

मॅपवरचे स्टार मी बघते, पण वेगळ्या पद्धतीने. आधी नवीन रिव्ह्यू लावायचे, गेल्या दोन-तीन महिन्यांचे, कारण आचारी बदलला की तीन वर्षांपूर्वीच्या कौतुकाला अर्थ नाही. मग लोकांनी टाकलेले ताटांचे फोटो बघायचे, सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ दिसत असेल तर तोच मागवायचा. मराठीत लिहिलेले रिव्ह्यू शोधायचे. आणि कमी स्टार कशासाठी दिलेत ते वाचायचं: "पार्किंग नाही, एसी नाही, वेटिंग खूप" यासाठी कापले असतील तर मला काहीच फरक पडत नाही, "शिळं होतं" असं दोन-तीन जणांनी लिहिलं असेल तर मी जात नाही.

आता सांगण्याबद्दल. नुसतं "बेस्ट!!! मस्ट ट्राय!!!" लिहू नका, कळकळीने सांगते. कुणीतरी आपल्या सुट्टीतलं एक जेवण तुमच्या शब्दावर सोपवणार आहे. काय खाल्लं, किती वाजता, कुठल्या वाराला, शेवटचं कधी गेला होतात, माणशी साधारण किती झाले, आणि तिथे काय मागवू नये, एवढं लिहा. हे शेवटचं कुणीच लिहीत नाही आणि सगळ्यात कामाचं तेच असतं. असं लिहिता येईल: "माटुंगा स्टेशनबाहेर रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 पासूनचं, केळीच्या पानावरचं जेवण घ्या, पोटात जागा ठेवून जा, दुपारी रांग असते म्हणून लवकर जा, वर माडीवर आहे तर गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी विचार करा, सोमवारी बंद असतं, तरी निघायच्या आधी एकदा फोन करून बघा."

तिखट-गोड लिहिताना तुम्ही कुठले ते पण लिहा. वऱ्हाडातल्या माणसाचं "बेताचं तिखट" पुण्याच्या माणसाला दोन दिवस पुरतं. मला आवडलं नाही हेही जरूर लिहा, पण एका दिवसाचं आहे हे सांगून: अमुक तारखेला गेलो, मटण शिजलं नव्हतं, सांगितल्यावर बदलून दिलं किंवा नाही दिलं. "थर्ड क्लास, जाऊ नका" यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि एका कुटुंबाच्या पोटावर पाय येतो.

आणि घरगुती खानावळींचं जरा वेगळं. कोकणात कितीतरी घरांत सांगून गेलं तरच जेवण मिळतं, सकाळी फोन केला की तेवढ्याच माणसांचा मासा येतो, तेवढ्याच भाकऱ्या होतात. अशा काकूंचा नंबर त्यांना न विचारता कुठेही टाकू नका. आधी विचारा, "काकू, लोकांना सांगितलं तर चालेल का, एका वेळी किती जण झेपतील?" त्या म्हणाल्या दहा, तर मेसेजमध्ये दहाच लिहा, आदल्या दिवशी सांगायचं हेही लिहा, आणि येणार म्हणून न जाणाऱ्यांनी आधी कळवायचं हे ठळक लिहा, कारण वीस माणसांचं आणलेलं पापलेट वाया गेलं तर तो त्यांच्या आठवड्याचा फायदा गेला. काही काकू नको म्हणतात, तर नको. जवळच्या दोघातिघांना सांगा आणि थांबा.

शेवटचं काम परत आल्यावरचं, जे बहुतेक लोक विसरतात. ज्यांनी सुचवलं त्यांना त्याच मेसेजखाली लिहा की गेलो होतो, मिसळ तुम्ही म्हणालात तशीच होती, पण आता जागा बदललीय, पूर्वीच्या दुकानासमोर रस्ता ओलांडून गेलेत, मंगळवारी बंद असतं. तुमच्यानंतर जो जाणार त्याला हेच लागणार आहे. आणि तुम्ही स्वतः पूर्वी सुचवलेलं एखादं ठिकाण बंद पडलं असेल तर जुना मेसेज शोधून त्याखाली तेवढं टाका.