घरात महागडं इंजेक्शन चालू असेल तर पेशंटचा कोच कसं व्हायचं (इंदूरच्या मंडळींसाठी)

आरएवाला (रुमॅटॉइड) संधिवात, सोरायसिस, क्रोन्स (आतड्यांचा आजार), किडनी ट्रान्सप्लांट, ब्लड कॅन्सरची रोजची गोळी... ही औषधं कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा नसतात, दवा बाजारात आधी सांगून ठेवावी लागतात नाहीतर थंड डब्यातून घरपोच येतात. मी अशाच पेशंटना फोन करून फॉलोअप घ्यायचं काम करते, आणि माझं स्पष्ट मत आहे की फोनवरच्या माझ्यासारखीपेक्षा घरातला एक शहाणा माणूस जास्त चांगला कोच होऊ शकतो. सून, मुलगा, शेजारच्या वहिनी, कोणीही. फक्त त्याने उपदेश बंद करून विचारायला शिकलं पाहिजे.

पहिली गोष्ट, कोच म्हणजे डॉक्टर नाही, डोस कमीजास्त करायचा नाही, औषध थांबवायचं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय आणि घरात खरंच काय होतंय यातला फरक शोधायचा, तोही पेशंटच्याच तोंडून. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 सालीच सांगून ठेवलंय की जुनाट आजारात श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी निम्मेच लोक औषध सांगितल्याप्रमाणे घेतात, त्यामुळे आपल्या काकांनी डोस पुढे ढकलला तर ते काही जगावेगळे नाहीत.

"इंजेक्शन घेतलं ना?" असं विचारलं की उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी "मागचं इंजेक्शन कसं झालं, सांगा ना" असं विचारा आणि मग गप्प बसा, खरंच गप्प, मध्ये बोलू नका. किंवा "बऱ्याच जणांचा एखादा डोस मागेपुढे होतो, तुमचंही होतं का कधी?" म्हणजे कबूल करायला लाज वाटत नाही. असं विचारलं की कारणं बाहेर येतात, कोणाला सुईची भीती, कोणाला "आता बरं वाटतंय तर कशाला", कोणाला नवरात्रात उपास म्हणून गोळी नको, आणि खूप घरांत पैसा.

पैशाचं कोणी आपणहून बोलत नाही. पंधरा दिवसांचं इंजेक्शन वीस-बावीस दिवसांवर ताणतात आणि डॉक्टरांना सांगतात की फरक पडत नाहीये, मग डॉक्टर औषध बदलायचा विचार करतात, सगळाच घोळ. म्हणून सरळच विचारा की खर्च जड जातोय का. जात असेल तर डॉक्टरांना सांगायचं, बायोसिमिलर (त्याच इंजेक्शनसारखं दुसऱ्या कंपनीचं, सहसा स्वस्त) आहे का, कंपनीची पेशंट सपोर्ट स्कीम आहे का हे विचारायचं. आयुष्मान कार्डावर भरवसा ठेवून बसू नका, ते 5 लाखांचं कव्हर मुळात अ‍ॅडमिट होण्यासाठी आहे, घरी घ्यायच्या औषधांचं बिल सहसा त्यात बसत नाही.

कारण कळलं की लगेच उपाय सांगायची घाई करू नका (हे आपल्या लोकांना फार जड जातं, मला माहितीये). विचारा, "पुढचा डोस वेळेवर होईल याची खात्री शून्य ते दहात किती?" समजा काकू म्हणाल्या पाच, तर "पाचच का?" असं नाही विचारायचं, "दोन का नाही म्हणालात?" असं विचारायचं. मग त्या स्वतःच सांगायला लागतात की सकाळी बोटं कमी आखडतात, पोळ्या लाटता येतात वगैरे. हा प्रश्न मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगमधला (बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून काढून घ्यायची पद्धत) आहे, विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये दारू सोडवण्याच्या कामातून ही पद्धत मांडली होती, आज शुगर-बीपीपासून सगळीकडे वापरतात. नंतर पाचाचं सहा कशाने होईल तेही त्यांनाच ठरवू द्या, छोटंसं, म्हणजे "शनिवारी चहानंतर, सून घरी असताना" इतकं नेमकं.

आता फ्रिजचं बघू, कारण जास्तीत जास्त वांधे इथेच होतात. अ‍ॅडालिमुमॅबसारखी (संधिवात-सोरायसिसची) इंजेक्शनं 2 ते 8 डिग्रीत ठेवायची असतात. फ्रीजरला चिकटवून नको, एकदा गोठलं की वितळलं तरी ते वापरायचं नाही. दारातही नको, दिवसभर उघडझाप असते. मधल्या कप्प्यात, वेगळ्या डब्यात, मूळ खोक्यासकट. मे महिन्यात आपल्याकडे 42-43 डिग्री होतं आणि त्यात लाइट गेली तर फ्रिज उघडून बघत बसू नका, बंदच ठेवा, आणि किती वेळ गेली होती ते लिहून ठेवून फार्मसीला विचारा. पुण्याला रात्रभराच्या गाडीने निघालात तर आइसपॅक टॉवेलमध्ये गुंडाळा, इंजेक्शनला थेट टेकवू नका.

टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायचं, थंडगार टोचलं की जळजळ जास्त होते. गरम पाण्यात बुडवून घाई करायची नाही, हलवायचंही नाही. मांडीवर किंवा पोटावर, बेंबीपासून चार बोटं लांब, आणि दर वेळी जागा बदलायची. कोचने "समजलं ना?" असं न विचारता "मला करून दाखवा, मीही शिकते" म्हणायचं, म्हणजे कुठे गडबड होतेय ते लगेच दिसतं.

मेथोट्रेक्सेटची गोळी घरात असेल तर जास्त लक्ष द्या, संधिवातात ती आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, तो कॅलेंडरवर आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, फोलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी. गुळवेल, अश्वगंधा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा काढा यातलं काही चालू असेल तर न रागावता विचारून घ्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला, लिव्हरचा प्रश्न असतो.

खाण्यावरून भांडू नका. इंदुरात राहून सराफा (रात्रीचा खाऊबाजार) बंद म्हटलं तर माणूस औषध सोडेल पण सराफा नाही! यातली बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून कच्ची चटणी, पाणीपुरीचं पाणी, उघडी कापलेली फळं टाळायची, पावसाळ्यात तर नक्कीच. पण वाफेवरचे गरम पोहे (वरचा कच्चा कांदा नको म्हणायचं), गरम भुट्टे का कीस (मक्याचा कीस) यावर सहसा तडजोड होते. काय सोडणार आणि काय नाही ते त्यांनाच निवडू द्या. रंगपंचमीच्या गेरचं (रंगांच्या मिरवणुकीचं) पण तसंच, राजवाड्याच्या गर्दीत घुसण्यापेक्षा कोणाच्या तरी गच्चीवरून बघा.

मात्र काही गोष्टींत कोचिंग वगैरे काही नाही, सरळ डॉक्टर. ताप 100.4 च्या वर गेला, तर लगेच फोन करायचा, विचारल्याशिवाय पुढचं इंजेक्शन द्यायचं नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं, रात्री घाम, कारण या इंजेक्शनांत दबलेला टीबी उठू शकतो, म्हणूनच तर सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात. मेथोट्रेक्सेटवर तोंडात फोड किंवा अंगावर निळे डाग आले तर त्याच दिवशी. टोचल्यावर चेहरा सुजला, श्वास लागला तर वाट न बघता हॉस्पिटल. डोस चुकला तर दुप्पट घेऊन भरपाई करायची नाही, विचारायचं.

वापरलेली सुई झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात टाका, डबा भरत आला की टेप लावून कचरा गाडीत घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या आणि गाडीवाल्या भियाला सांगा आत सुया आहेत, ओल्या-सुक्यात मिसळू नका. आणि पुढची ऑर्डर डोसच्या निदान आठ दिवस आधी द्या, दिवाळीत तर अजून आधी, कुरिअर बंद असतात आणि थंड डबा सुट्टीत कोणाच्या तरी गोदामात पडून राहतो.