फूरियर टायकोग्राफी: एलईडी बोर्ड जागेवर नसेल तर या चुका टाळा

2013 साली कॅलटेकमधून पुढे आलेल्या या पद्धतीत मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग) काढून तिथे एलईडींचा बोर्ड बसवतात. एकेक दिवा लावून फोटो घ्यायचे आणि ते फूरियर स्पेक्ट्रममध्ये (चित्रातल्या जाड-बारीक तपशिलांच्या नकाशात) जोडून कमी ताकदीच्या ऑब्जेक्टिव्हमधूनही (नमुन्याजवळच्या लेन्समधूनही) बारीक तपशील मिळवायचा. कुठला फोटो स्पेक्ट्रममध्ये कुठे बसणार, हे दिव्याच्या कोनावर ठरतं. बोर्ड नमुन्यापासून 80 मिमीवर असेल, तर तो 1 मिमी सरकल्यावर मधल्या दिव्यांचा कोन न्यूमरिकल अॅपर्चरच्या (लेन्स किती तिरपा प्रकाश पकडते त्या आकड्याच्या) मापात 0.0125 ने बदलतो. 0.1 अॅपर्चरच्या 4 एक्स ऑब्जेक्टिव्हसाठी हा, लेन्स स्पेक्ट्रममधलं जे वर्तुळ टिपते त्याच्या त्रिज्येचा आठवा हिस्सा झाला. मग फेजच्या (प्रकाशलहरी नमुन्यातून जाताना किती मागे पडल्या त्याच्या) चित्रावर सुरकुत्या आणि पार्श्वभूमीवर ढगाळ डाग दिसू लागतात.

अशा वेळी फोटो जोडणाऱ्या अल्गोरिदमची इटरेशन (फेऱ्या) वाढवून काही होत नाही. त्याहून घातक म्हणजे प्युपिल करेक्शन (लेन्सचे दोष गणिताने सुधारणं) लगेच सुरू करणं. अल्गोरिदम दिव्यांची चूक लेन्सच्या दोषात जिरवतो, एरर (घेतलेल्या आणि गणिताने काढलेल्या फोटोंतला फरक) खाली येते आणि आपण निर्धास्त होतो. एररच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. सगळे कोन सारखेच चुकले असतील तर फोटो जवळपास तसेच जुळतात, फक्त फेजला एकीकडे उतार येतो. तो उतार पार्श्वभूमी म्हणून पुसून टाकू नका, आधी बोर्डाकडे बघा.

दुसरी मोठी चूक म्हणजे प्रत्येक दिव्याची जागा सुटी सुटी दुरुस्त करणं. दिवे एकाच बोर्डावर सोल्डर केलेले असतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. म्हणून आडवं सरकणं, उभं सरकणं, फिरणं आणि उंची, एवढे चारच आकडे शोधा. उंचीची आणि फिरण्याची चूक मधल्या दिव्यात दिसतच नाही, बाहेर जावं तशी वाढते. सुरुवात ब्राइटफील्ड फोटोंपासून, म्हणजे दिव्याचा थेट प्रकाश लेन्समध्ये शिरतो अशा फोटोंपासून करा. त्यांच्या फूरियर रूपांतरात दोन वर्तुळं दिसतात आणि त्यांच्या केंद्रांवरून कोन मिळतो. डार्कफील्डमध्ये थेट प्रकाश लेन्समध्ये शिरत नसल्याने ही खूण मिळत नाही, तिथले कोन या चार आकड्यांवरूनच काढावे लागतात.

दोन वर्तुळांतलं खरं कुठलं? फोकस जरासा हलवा. चित्र ज्या बाजूला सरकेल त्यावरून दिव्याची बाजू कळते. कॅमेऱ्याचा अक्ष उलटा धरल्याची चूकही इथेच सापडते, आणि ती फार सर्रास होते.

संपूर्ण दृश्यक्षेत्राला एकच कोन लावू नका, त्याचे तुकडे करून प्रत्येकाचा कोन वेगळा धरा. केंद्रापासून 1 मिमी दूरच्या तुकड्यासाठी बोर्ड 1 मिमी सरकल्यासारखाच असतो. हे अंतर हिशेबात धरून मधल्या आणि कडेच्या तुकड्यांतून चारही आकडे स्वतंत्रपणे काढून पाहा. ते जुळले नाहीत तर तुकड्याचं अंतर उलट चिन्हाने धरलंय का ते तपासा. चिन्ह बरोबर असेल, तर बोर्ड एका बाजूला कललेला आहे का, ते लेव्हल लावून बघा.