मिरजेला ऑपरेशनला निघताना दुखण्याची तयारी

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात जुळवाजुळव सुरू होते. पैसे, रजा, डबा कुठून येणार, जनावरांचं कोण बघणार, सगळं ठरतं. दुखण्याचं तेवढं कुणी ठरवत नाही, ते डॉक्टरांवर सोडून दिलेलं असतं. मी मिरजेत सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. जत-आटपाडीपासून अथणीपर्यंतचे पेशंट बघून माझं मत पक्कं झालंय, की ऑपरेशननंतर जड गोळी किती दिवस लागणार हे बऱ्याच अंशी घरातून निघायच्या आधीच ठरतं. म्हणून कपड्यांची पिशवी भरण्याआधी ही तयारी करा.

जड गोळी म्हणजे अफूच्या जातीची औषधं. मॉर्फिन, फेंटानिल ही दवाखान्यात इंजेक्शनानं देतात. घरी जाताना चिठ्ठीवर बहुतेक वेळा ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल असतं. ही औषधं वाईट नाहीत. मोठ्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस पेशंटला नुसतं सोसायला लावणं हा अन्याय आहे, आणि कॅन्सरच्या दुखण्याचा हिशेब तर पूर्ण वेगळा. पण त्यांनी मळमळतं, गरगरतं, पोट साफ होत नाही, डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो, आणि दिवस वाढत गेले की शरीराला सवय लागते. ट्रामाडॉल 2018 पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ते उगीच नाही. तेव्हा मुख्य भार साध्या औषधांवर असावा आणि जड गोळी लागेल तेव्हाच, लागेल तेवढीच असावी.

पहिलं काम वहीच्या एका पानावर. रोजच्या सगळ्या गोळ्या डोससकट लिहा: बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी, झोपेची, डिप्रेशनची, फिटची. किडनी, लिव्हर, अल्सर, दमा यांतलं काही असेल तर तेही. रात्री घोरताना श्वास अडकतो का, ते घरच्यांना विचारून लिहा. दारू, तंबाखू, मिश्री खरीखरी लिहा. म्हाताऱ्या बायका सुनेसमोर मिश्रीचं बोलत नाहीत, म्हणून हे आधी घरात शांतपणे विचारलेलं बरं. या माहितीवर औषध बदलतं. ट्रामाडॉलनं फिट येण्याचा धोका वाढतो आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही. रोज दारू पिणाऱ्याची दारू दवाखान्यात एकदम तुटली तर थरथर आणि भ्रम सुरू होतो, आणि नातेवाइकांना वाटतं भुलीचा परिणाम आहे. कंबरदुखीसाठी आधीपासून ट्रामाडॉल चालू असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा आणि मनानं एकदम बंद करू नका. सिगारेट-तंबाखू किमान चार आठवडे आधी सुटली तर जखम चांगली भरते.

हळदीचंही इथंच सांगते, कारण आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न निघतोच. स्वयंपाकातली हळद, हळदीचं दूध याला हरकत नाही. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेत असाल तर त्या रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात, म्हणून त्याही पानावर लिहा. टाक्यांवर हळद अजिबात लावायची नाही.

हे पान घेऊन भूलतज्ज्ञांना भेटा. ऑपरेशनआधीच्या तपासणीला लोक सही-शिक्क्यापुरतं जातात, पण दुखण्याबद्दल बोलायची खरी जागा तीच. विचारा: मॅडम, माझ्या ऑपरेशनला नसेचा ब्लॉक देता येईल का? घड्याळाप्रमाणे घ्यायच्या गोळ्या कोणत्या? त्यावरही सहन झालं नाही तर कोणती, आणि ती किती दिवसांत बंद करायची? ब्लॉक म्हणजे दुखऱ्या भागाकडं जाणाऱ्या नसांजवळ बधिरीचं औषध सोडणं. गुडघा, खांदा, सिझेरियन, हर्निया अशा ऑपरेशनांत त्याचा उपयोग होतो आणि मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात. मात्र त्याचा असर साधारण अर्धा दिवस ते एक दिवस टिकतो आणि पुष्कळदा नेमका रात्री उतरतो. पेशंट म्हणतो, काही दुखत नाही, गोळी नको, आणि पहाटे कळवळत उठतो. बधिरपणा असतानाच ठरलेली गोळी सुरू करायची. हे ज्या पेशंटला आधी माहीत असतं, त्याची पहिली रात्र बरी जाते.

आता गोळ्यांच्या पट्ट्या. यावर जरा थांबते, कारण घरी गेल्यावर गोंधळ इथंच होतो. समजा चिठ्ठीवर पॅरासिटामॉल 650 आहे, दिवसातून चार वेळा. झाले 2600 मिलिग्राम. सुजेसाठी असिक्लोफेनॅक दोन वेळा दिलंय, पण त्या पट्टीच्या मागं बारीक अक्षरांत वाचा, बऱ्याचदा तिच्यात 325 पॅरासिटामॉल असतं. दोन गोळ्यांचे 650. ट्रामाडॉलच्या गोळीतही पुष्कळदा 325 असतं. तीन गोळ्यांचे 975. बेरीज 4225. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4000 ही वरची मर्यादा आहे. वजन कमी असलेल्या, लिव्हर बिघडलेल्या किंवा रोज पिणाऱ्या माणसाला त्याहून बरीच कमी. चिठ्ठी दोन डॉक्टरांच्या हातची असली किंवा गावातल्या मेडिकलमधून एखादी पट्टी वाढली की ही बेरीज कुणीच करत नाही. दवाखान्याच्या मेडिकलमधून निघण्याआधी काउंटरवर प्रत्येक पट्टीवर मराठीत लिहून घ्या, कशाची, किती वाजता, किती दिवस. आणि सगळं मिळून पॅरासिटामॉल किती होतंय, हे तिथंच विचारा. सुजेच्या गोळ्या किडनी अधू असलेल्याला, अल्सरवाल्याला, हृदयविकाराच्या पेशंटला आणि रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याला चालतीलच असं नाही. त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.

घरची तयारी थोडी पण मोलाची. खाली सतरंजीवर झोपायची सवय असली तरी काही दिवस कॉट लागेल. गुडघ्याचं किंवा कमरेचं ऑपरेशन असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं आणून ठेवा. बर्फाचा पॅक फ्रीजमध्ये ठेवा. तो पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, थेट कातडीवर नाही, आणि ब्लॉकनं बधिर झालेल्या जागी विचारल्याशिवाय नाही. पोटाचं ऑपरेशन असेल तर घरची एक घट्ट उशी सोबत आणा. खोकला आला की ती दोन्ही हातांनी टाक्यांवर दाबून धरायची, गुडघे थोडे वर घ्यायचे आणि मग खोकायचं. घरी आधीच तीन-चार वेळा करून बघा. दुखेल या भीतीनं माणूस खोकत नाही, कफ साठतो, ताप येतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नका. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळं तसं होतं आणि एक-दोन दिवसांत, चालण्याफिरण्यानं कमी होतं. आवडीचे अभंग, गाणी मोबाइलमध्ये भरून आणा, इअरफोनसकट. गाणं ऐकल्यानं ऑपरेशननंतरची धास्ती आणि दुखणं दोन्ही थोडं कमी होतं, हे तपासलेलं आहे.

दुखणं शून्यावर आलं पाहिजे असं मनात धरून येऊ नका. शून्य ते दहामध्ये किती, असं आम्ही विचारतो, पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टींची असते. उठून बसता येतंय का, खोल श्वास घेता येतोय का, बाथरूमपर्यंत चालवतंय का, रात्री सलग झोप लागतेय का? हे जमत असेल तर तीन-चारचं दुखणं चालतं. जमत नसेल तर मुकाट्यानं सोसू नका, सिस्टरला हाक मारा. सोसण्यात काही पुण्य नाही. घरी गेल्यावर त्याच वहीत गोळीची वेळ आणि दुखण्याचा आकडा लिहीत राहा. आकडा उतरू लागला की आधी जड गोळी कमी करायची, साध्या नंतर. जड गोळी चालू असताना दारूचा थेंब नको, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गाडी चालवायची नाही. पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी मागून घ्या. नुसत्या इसबगोलावर राहू नका, त्यासोबत पाणी कमी पडलं तर उलट त्रास वाढतो.

डिस्चार्जच्या दिवशी जत किंवा आटपाडीपर्यंतचा रस्ता लांबचा आहे. ठरलेल्या वेळची गोळी निघण्याच्या तासभर आधी येईल असं बघा, म्हणजे खड्ड्यांच्या वाटेला असर असतो. पोटाचा पेशंट असेल तर गाडीच्या सीट बेल्टखाली तीच उशी धरा. घरी बघायला येणाऱ्यांची रांग लागेल, त्यातला कुणीतरी खिशातून आपली गोळी काढेलच. दाराशी एक खमका माणूस ठेवा. ऑपरेशन द्राक्षाच्या छाटणीच्या आधी उरकायची आपल्याकडं रीत आहे, पण हर्नियाच्या माणसाला गोळीच्या जोरावर बागेत उभा करू नका. गोळीनं दुखणं दबतं, टाके तेवढ्यानं भरत नाहीत.

उतरलेलं दुखणं पुन्हा वाढलं, जखमेतून पू आला, थंडी वाजून ताप आला, एका पोटरीला सूज आणि कळ आली, तर गोळी वाढवू नका, दवाखान्यात या. छातीत दुखलं किंवा दम लागला, पेशंट हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास संथ आणि घोरल्यासारखा येत असेल, तर थांबू नका, 108 ला फोन करा.

शेवटी उरलेल्या गोळ्या. जड गोळ्या सुरुवातीपासूनच कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा, घरात पोरं असतात. उरल्या तर पुढच्या दुखण्याला म्हणून जपू नका, पाहुण्याला देऊ नका. पट्टीतून काढून ओल्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. जखम भरली, दुखणं गेलं, तरी गोळीशिवाय चैन पडत नाही असं वाटलं तर टाके काढायला याल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ती औषधाची सवय आहे, हळूहळू उतरवता येते. त्यांच्याशी बोलणं अवघड वाटलं तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवा.