लायब्ररी पब्लिश करण्याआधी ‘एनपीएम पॅक’ करून बघा

रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीसाठी बनवलेली सामायिक कंपोनंट लायब्ररी (बटणांसारखे स्क्रीनचे तयार भाग) एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या साठ्यावर, टाकण्याआधी ‘एनपीएम पॅक’ चालवा आणि तयार झालेली टीजीझेड फाइल (पब्लिश होणारं पॅकेज, एका फाइलीत बांधलेलं) एखाद्या खऱ्या ॲपमध्ये इन्स्टॉल करा. या कामासाठी ‘एनपीएम लिंक’वर विसंबू नका. लिंक म्हणजे तुमच्याच फोल्डरकडे जाणारी सिमलिंक, एक प्रकारचा शॉर्टकट. पॅकेजात जायची राहून गेलेली सीएसएस किंवा टाइप्सची फाइलही तिथे सापडते आणि सगळं ठीक वाटतं. इन्स्टॉल करणाऱ्याच्या हाती मात्र पॅकेज डॉट जेसन या सेटिंग्जच्या फाइलीतल्या ‘फाइल्स’ यादीत लिहिलंय तेवढंच पडतं, वर रीडमीसारख्या ठरलेल्या एकदोन फाइल्स.

मग त्याच ॲपमध्ये ‘एनपीएम एलएस रिॲक्ट’ चालवा. रिॲक्टच्या दोन प्रती दिसल्या, तर हुक (‘यूजस्टेट’सारखं रिॲक्टचं खास फंक्शन) वापरणारा कंपोनंट ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ म्हणत कोसळण्याची दाट शक्यता. पॅकेज डॉट जेसनमध्ये रिॲक्ट ‘डिपेन्डन्सीज’मधून काढून ‘पिअर डिपेन्डन्सीज’मध्ये टाका, म्हणजे ॲपचीच प्रत वापरली जाईल, आणि बंडलरमध्येही (कोड एकत्र बांधणारं साधन) एक्स्टर्नल, म्हणजे बंडलच्या बाहेर, ठेवा.

प्रॉडक्शन बिल्डही कराच. पॅकेज डॉट जेसनमधल्या ‘साइड इफेक्ट्स’ला फॉल्स दिलं असेल (‘वापर न दिसणाऱ्या फाइल्स गाळल्या तरी चालतील’ असं सांगणं), तर वेबपॅक हा बंडलर इम्पोर्ट केलेली सीएसएस गुपचूप गाळतो. फॉल्सऐवजी तिथे सीएसएस फाइल्सची यादी द्या.

एवढा खटाटोप आधीच केलेला बरा, कारण एकदा पब्लिश केलेला आवृत्ती क्रमांक पॅकेज मागे घेतलं तरी पुन्हा वापरता येत नाही.