मसाज टेबलच्या चादरी: या चुका टाळा

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं दोन टेबलांचं छोटं मसाज केंद्र आहे. नवीन काम सुरू करणाऱ्या मुली विचारायला येतात आणि दहातल्या नऊजणींचा पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, कुठला रंग घेऊ?" बाई गं, आधी मोजपट्टी घे. रंगाचं मग बघू.

सगळ्यात मोठी चूक मापाची. टेबल ७३ बाय २८ इंच असेल तर लोक ७३ बाय २८ एवढंच लिहून आणतात, जणू टेबल म्हणजे पाट. त्याला जाडी असते. माझ्या टेबलाची गादी आणि खालची फळी मिळून ३ इंच. शिवाय चादरीच्या कडेचं इलास्टिक टेबलाच्या खाली निदान ४ इंच वळायला हवं, नाहीतर ते धरणार कशाला? म्हणजे लांबीत दोन्हीकडून ७-७ इंच वाढले, ८७ झाले. रुंदीत २८ चे ४२ झाले. ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं, सुती कापड यासाठी बरोबर पुरतं. ३६ पन्ह्याचा मांजरपाट स्वस्त पडतो म्हणून आणलात तर मध्ये जोड द्यावा लागेल, आणि पालथं झोपलेल्या माणसाच्या पोटाला ती शिवण टोचत राहील.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सीझनआधी मी सहा चादरी शिवून घेतल्या, फिक्या पीच रंगाच्या, माप अगदी चोख. टेलरकाकांनी कापड हातात घेताच विचारलं होतं, "बाय, कापड भिजवन हाडलंस काय?" म्हणजे भिजवून आणलंस का. मी म्हटलं, काका, वेळ नाही, पर्यटक यायला लागलेत. त्यांनी मान हलवली आणि शिवून दिल्या. पहिल्या दिवशी टेबल असं देखणं दिसत होतं की मी फोटो काढून बहिणीला पाठवला.

तेलाच्या चादरी गरम पाण्यानेच धुवाव्या लागतात. दोन धुण्यांत कापड आटलं. कोरं सुती कापड पाच टक्के सहज आटतं, म्हणजे ८७ इंचांतले चार इंच गेले. मी ओढून ताणून चारही कोपरे कसेबसे बसवत होते. मग एके दिवशी एक भारदस्त पाहुणे पालथे होते. मी म्हटलं, "आता उताणे व्हा." ते वळले मात्र, डोक्याकडचे दोन्ही कोपरे फटकन सुटले आणि अख्खी चादर गोळा होऊन त्यांच्या कमरेखाली गेली. त्यांना वाटलं टेबल मोडलं. तेलाने माखलेलं अंग, खाली उघडं रेक्झिन, ते घसरले आणि मी त्यांचा दंड धरला. कुणाला लागलं नाही. पण उरलेला अर्धा तास ते टेबलाची कड घट्ट धरून पडले होते. असल्या मसाजचे पैसे घ्यायची मला लाज वाटली, घेतले नाहीत.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. एका चादरीला अडीच मीटर कापड घ्यायचं. रात्रभर गरम पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, परत एकदा तेच करायचं. खळ निघून जाते, कापड आटायचं तेवढं आटतं, ४४ चा पन्हा ४२ च्या आसपास येतो. मग टेलरकडे. दोन दिवस जातात, जाऊ देत. "आम्ही तयार ऑनलाइन मागवतो" म्हणणाऱ्यांनीही मागवावं, पण जाडीचं माप दिलेलं नसेल तर त्या फोटोवर भाळू नये.

घरातली सिंगल बेडची चादर अंथरणं हा आणखी एक शॉर्टकट. ६० इंच रुंदीची चादर दोन्हीकडून १६-१६ इंच लोंबते, आणि टेबलाभोवती फिरताना तुमचाच गुडघा त्यात अडकतो. ती वरून पांघरायला वापरा, तिथे छान.

सॅटिन नको, घसरतं. फ्लॅनेलचे तंतू तेलकट अंगाला चिकटतात. सोलापुरी चादर मला घरात प्रिय आहे, पण टेबलावर अंथरलीत तर तिची नक्षी पाठीवर उमटते, आणि जुलैत ती वाळेल तेव्हा वाळेल. एकदा वापरून टाकायच्या कागदासारख्या चादरी अंगाखाली कुरकुरतात. गडद रंग हवाच असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर जोरात घासून बघा, मगच पैसे द्या.

पालथं झोपल्यावर तोंड ठेवायला टेबलाला भोक असतं, त्यासाठी चादरीला पाडायच्या भोकाचं एकच सांगते: शिवायच्या आधी कापू नका. चादर टेबलावर चढवा, खडूने खूण करा, मग कापा आणि कडेने पायपिंग लावून घ्या.

आता माझं दुसरं दुखणं, वास. पावसाळ्यात कुठल्याही नव्या केंद्रात शिरले की नाकाला कळतं. दिवसभराच्या तेलकट चादरी झाकणाच्या टबात कोंबायच्या आणि परवा एकदम मशीन लावायचं. तिळाचं तेल कापडात राहून खवट झालं की तो वास पुढच्या धुण्यालाही जात नाही. आणि गार पाण्याने धुणाऱ्यांनी जानेवारीतल्या पहाटे खोबरेलाची बाटली बघावी. २४ अंशांच्या खाली ते थिजतं. बाटलीत थिजतं तसं चादरीतही थिजतं, तिथे गार पाणी काय करणार?

मी त्याच संध्याकाळी चादरी बंबातल्या कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवते, मग मशीनला लावते. डाग असेल तिथे आधी भांड्यांचं लिक्विड चोळते. सॉफ्टनर अजिबात घालत नाही, त्याचा थर बसतो आणि तेल आत अडकतं. ड्रायर असलेल्यांनी जास्त जपावं. तेल नीट न निघालेल्या चादरी ड्रायरमधून काढून गरम असतानाच घडी करून ढीग लावला की आतल्या आत तापतात, त्यातून आगी लागलेल्या आहेत. झटकून गार करा, मग घडी घाला.

आमच्याकडे ड्रायर नाही, पडवी आहे. उन्हाळ्यात टेबलामागे तीन चादरी पुरतात: एक टेबलावर, एक धुण्यात, एक दोरीवर. जूनपासून मी सहा ठेवते, कारण दोरीवरची तीन दिवस दोरीवरच असते. रात्री पंखा तिच्याकडे वळवते आणि सकाळी कोपऱ्याच्या शिवणीत बोट घालून बघते. मधला भाग कोरडा लागला तरी इलास्टिकचा नेफा ओला असतो, आणि बुरशीचे काळे ठिपके पहिल्यांदा तिथेच धरतात.